जामिनावर सुटलेला नामवंत आरोपी समुद्रातून पळेल का?

प्रश्न थोडक्यात असा: अलिबागजवळच्या एका गावात एका गाजलेल्या कलाकाराचा बंगला आहे. गंभीर गुन्ह्यात अटक झाली, काही महिने कोठडीत गेले, मग जामीन मिळाला आणि आता साहेब बंगल्यावर मुक्कामाला आहेत. समोर त्यांची स्पीडबोट. गावात बोललं जातं की एखाद्या काळोख्या रात्री हा बोटीत बसेल आणि सकाळचा चहा दुबईत घेईल. कोर्टाला एवढं दिसत नाही का? आणि असा माणूस पळण्याची शक्यता खरंच किती?

प्रश्नात नाव नाही आणि मीही अंदाज बांधत नाही. ज्याचा खटला चालू आहे त्याच्याविषयी वकिलाने चारचौघांत अटकळी करू नयेत. पण रायगड-रत्नागिरीच्या कोर्टांत फौजदारी बाजूने निम्मं आयुष्य गेलं आहे, त्या जोरावर सर्वसाधारण उत्तर देतो. बोटीतून पळण्याची शक्यता फारच कमी आहे. पळण्याची शक्यता अजिबात नाही असं मात्र मी म्हणणार नाही. फक्त ती जेटीवर उभं राहून दिसत नाही, ती कोर्टाच्या रोजनाम्यात, म्हणजे प्रत्येक तारखेला काय झालं त्याच्या नोंदीत, दिसते.

आधी बोटीचं निकालात काढू. अलिबागहून मस्कत सरळ रेषेत साधारण साडेआठशे सागरी मैल, दुबई हजाराच्या पुढे. ज्या स्पीडबोटीतून पाहुणे मांडव्याहून गेटवेला जातात तिच्या टाकीत त्या पल्ल्याचं इंधन मावतच नाही. म्हणजे ट्रॉलर हवा. ट्रॉलर ताशी आठ-नऊ मैलांनी चालला तरी चार-साडेचार दिवस लागणार. त्यासाठी तांडेल हवा, खलाशी हवेत, पिंपांनी डिझेल हवं, पाणी-शिधा हवा. मासेमारीला न जाता एखाद्या बोटीवर एवढी भरणी होत असेल तर संध्याकाळपर्यंत सगळ्या कोळीवाड्याला कळतं. जून-जुलैत मासेमारी बंदी असते आणि नारळी पौर्णिमेआधी दर्यात शिरायला मुरलेला नाखवाही तयार नसतो, तिथे बंगलेवाल्याची काय कथा. शिवाय एवढं करून पलीकडच्या बंदरात उतरायचं कसं? पासपोर्टवर शिक्का नसलेला प्रसिद्ध चेहरा तिथल्या तटरक्षकांना सापडला की पुढची रवानगी परतीच्या विमानातच.

याच समुद्रातलं उलट दिशेचं उदाहरण आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये दुबईच्या राज्यकर्त्यांची मुलगी शेखा लतीफा ओमानच्या किनाऱ्यावरून एका यॉटमधून निघाली. ती आरोपी नव्हती, घरातून सुटू पाहत होती. आठवडाभराच्या प्रवासानंतर, ४ मार्चला, गोव्याच्या बाजूच्या खोल समुद्रात ती यॉट अडवली गेली आणि तिला परत नेण्यात आलं. ब्रिटनच्या उच्च न्यायालयाच्या २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या घटनेविषयीच्या निष्कर्षांत भारतीय दलांनी ती नौका अडवल्याचं मान्य केलेलं आहे. पैसा होता, अनुभवी कप्तान होता, महिनोन्‌महिने आखलेली योजना होती, तरी हा शेवट.

आता दुसरी बाजूही सांगतो, कारण आपला किनारा म्हणजे अभेद्य तटबंदी आहे असं कोणी समजू नये. १९९३ च्या स्फोटांसाठी शस्त्रं आणि आरडीएक्स दिघी आणि शेखाडीला उतरलं, ते कस्टम्समधल्या लोकांचे हात ओले करून. २००८ चे हल्लेखोर आपल्याच एका मासेमारी नौकेतून मुंबईपर्यंत आले. त्यानंतर सागरी पोलीस ठाणी वाढली, सागर सुरक्षा दलांवर भर आला, ‘सागर कवच’च्या कवायती होऊ लागल्या. तरीही १८ ऑगस्ट २०२२ ला हरिहरेश्वरला एक रिकामी यॉट वाहत आली आणि तिच्यात तीन एके-४७ सापडल्या. जूनमध्ये मस्कतजवळच्या समुद्रात इंजिन बंद पडल्यावर माणसांनी सोडून दिलेली ती बोट होती. घातपात नव्हता, पण बोट किनाऱ्याला लागेपर्यंत कोणाला पत्ता नव्हता हेही खरं. तेव्हा किनारा सच्छिद्र आहे. पण या गोष्टींपैकी एकीतही जामिनावरचा आरोपी बाहेर गेलेला नाही. ज्याला खरंच गुपचूप देश सोडायचा आहे तो महामार्ग धरतो आणि नेपाळची सीमा गाठतो. ती साधारण साडेसतराशे किलोमीटर उघडी आहे आणि भारतीयाला ती ओलांडायला पासपोर्टही लागत नाही. बंगल्यासमोरच्या बोटीकडे सगळ्यांची नजर जाते कारण ती समोर दिसते, एवढंच.

लोकांच्या मनात पळण्याची जी चित्रं असतात त्यातली बहुतेक जामिनावरच्या माणसांची नसतातच. विजय मल्ल्या २ मार्च २०१६ ला दिल्लीहून लंडनला गेला तो रीतसर विमानात बसून, खासदारकीच्या राजनैतिक पासपोर्टवर. त्याच्याविरुद्धचं लुकआऊट सर्क्युलर, म्हणजे विमानतळावरच्या अधिकाऱ्यांना दिलेली सूचना, आधी ‘अडवा’ असं होतं, ते ‘फक्त कळवा’ असं बदललं गेलं होतं. नीरव मोदी १ जानेवारी २०१८ ला बाहेर पडला, बँकेची सीबीआयकडे तक्रार गेली २९ जानेवारीला. दोघांपैकी कोणालाही अटक झालेली नव्हती, कोणी जामिनदार नव्हता, कोणी पासपोर्ट जमा केलेला नव्हता. ते आपल्या हिशेबाने वेळेत निघाले. आपल्याकडे दोघांच्या खुणा आहेत: मांडव्याचं मल्ल्याचं फार्महाऊस ईडीने ताब्यात घेतलं आणि किहीमचा नीरव मोदीचा बंगला किनाऱ्यालगतच्या बांधकामाच्या नियमांच्या (सीआरझेड) उल्लंघनावरून मार्च २०१९ मध्ये सुरुंग लावून पाडला. त्याच महिन्यात तो लंडनमध्ये पकडला गेला. पुढे तिथल्या कोर्टांनी त्याला पुन्हापुन्हा जामीन नाकारला, कारण काय, तर हा पळून जाईल!

‘ते पळाले, मग हाही पळेल’ हा युक्तिवाद आपल्या सर्वोच्च न्यायालयासमोरही झाला आहे. पी. चिदंबरम यांच्या २०१९ मधल्या जामीन अर्जाला विरोध करताना सीबीआयच्या बाजूने सांगितलं गेलं की आर्थिक गुन्हेगारांचं पळून जाणं हा राष्ट्रीय पातळीवरचा प्रकार झाला आहे, त्या नजरेने याकडे बघा. न्यायालयाने ते मानलं नाही. दुसरे पळाले म्हणून यालाही तोच नियम लावता येणार नाही, ज्याचा अर्ज आहे त्याच्यापुरतं बघा, असं सांगितलं. जामिनाच्या वेळी तीन गोष्टी तोलायच्या असतात: हा पळेल का, पुराव्याशी छेडछाड करेल का, साक्षीदारांना फोडेल किंवा धमकावेल का. माझ्या मते नामवंत आरोपीच्या बाबतीत पहिली भीती सगळ्यात फुसकी असते आणि तिसरी सगळ्यात खरी. ज्याच्याकडे माणसं आपणहून खेचली जातात, ज्याच्यावर दहा जणांचं पोट चालतं, त्याला साक्षीदाराकडे स्वतः जावंही लागत नाही. पण टीव्हीवर चर्चा बोटीची होते.

प्रसिद्धी हे काही जास्तीचं कारण होत नाही, हेही न्यायालयांनी सांगितलं आहे. रिया चक्रवर्ती आणि तिच्या कुटुंबाविरुद्धची लुकआऊट सर्क्युलर्स मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये रद्द केली. सीबीआय त्याविरुद्ध दिल्लीला गेली, तेव्हा ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, आरोपी नामवंत आहे म्हणूनच तुम्ही असली याचिका करता, अशा अर्थाची कानउघाडणी करून ती फेटाळली.

मग कोर्ट काळजी घेतं ती कशी? कॉर्डेलिया क्रूझचं प्रकरण सगळ्यांना आठवत असेल, मुंबईहून आपल्याच किनाऱ्याने जाणारी ती बोट. ऑक्टोबर २०२१ मध्ये आर्यन खानला जामीन देताना उच्च न्यायालयाने पासपोर्ट जमा करायला लावला, दर शुक्रवारी एनसीबीच्या, म्हणजे अमली पदार्थविरोधी विभागाच्या, कार्यालयात हजेरीची अट घातली, परवानगीशिवाय देश सोडायचा नाही असं बजावलं, एक लाखाचा मुचलका घेतला. जामीनदार म्हणून जुही चावला कोर्टात येऊन उभी राहिली. पुढे पुराव्याअभावी त्याचं नाव आरोपपत्रात आलंच नाही, तो भाग वेगळा. अशा अटींपैकी खरं काम करते ती पासपोर्टची, आणि तिच्या जोडीला लुकआऊट सर्क्युलर असेल तरच. हजेरीची अट कागदावर कडक दिसते. ठाण्यात गेलात तर दिसेल की वहीत सही होते, हवालदारसाहेब एक फोटो काढून घेतात, चहा येतो. पण त्यातही एक फायदा आहे: तो माणूस सात दिवसांत एकदा सगळ्यांना दिसतो.

चोवीस तास मोबाईलवरून माग काढण्याची अट मात्र आता घालता येत नाही. गूगल नकाशावर पिन टाकून ठिकाण सतत तपास अधिकाऱ्याला दिसू द्यायचं, अशी अट सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये फ्रँक व्हिटस खटल्यात खासगीपणाच्या हक्काविरुद्ध ठरवली. निर्णय योग्यच आहे. जामीन म्हणजे घरी पाठवलेला कैदी नव्हे.

आता मुद्द्याचं. जामिनावर असलेली माणसं पळतात कधी? इथं राहून मिळवण्यासारखं काही उरलं नाही असं वाटतं तेव्हा. कार्लोस घोन हे सगळ्यांत नाट्यमय उदाहरण. निसानचा माजी प्रमुख, टोकियोत जामिनावर, घराच्या दारावर कॅमेरा, दीड अब्ज येन कोर्टात जमा. २९ डिसेंबर २०१९ ला तो घरातून चालत निघाला, बुलेट ट्रेनने ओसाकाला गेला आणि तिथल्या विमानतळावरून ध्वनियंत्रणेच्या मोठ्या पेटीत बसून खासगी जेटने इस्तंबूलमार्गे बैरुतला पोचला. पेटी इतकी मोठी होती की ती तपासणीच्या यंत्रात जातच नव्हती. लोकांना पेटी लक्षात राहते. माझ्या लक्षात तीन गोष्टी राहिल्या. जपानमध्ये खटला उभा राहिला की सुटका जवळजवळ होत नाही, शिक्षेचं प्रमाण नव्व्याण्णव टक्क्यांच्या वर. त्याच्याकडे लेबनॉनचं नागरिकत्व होतं आणि लेबनॉन स्वतःचे नागरिक दुसऱ्या देशाच्या हवाली करत नाही. आणि बाहेर काढणारी तयारीची माणसं होती. आशा नाही, जायला जागा आहे, नेणारे आहेत: या तिन्ही गोष्टी जुळल्या. रोमान पोलान्स्की १९७८ मध्ये अमेरिकेतून गेला तोही गुन्हा कबूल केल्यावर, शिक्षा सुनावली जायच्या तोंडावर.

आपल्या नामवंतांचं गणित वेगळं असतं. संजय दत्तला ऑक्टोबर १९९५ मध्ये जामीन मिळाला. नंतर कोर्टाच्या परवानगीने तो परदेशी चित्रीकरणाला जात राहिला, परत येत राहिला. २००७ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पाच वर्षांवर आणली आणि १६ मे २०१३ ला तो स्वतः हजर झाला. सलमान खान ६ मे २०१५ ला सत्र न्यायालयात निकाल ऐकायला उभा होता, पाच वर्षांची शिक्षा ऐकली, त्याच दिवशी उच्च न्यायालयातून तात्पुरता जामीन घेतला आणि डिसेंबरमध्ये अपिलात निर्दोष सुटला. हे लोक संत आहेत म्हणून थांबले असं मला म्हणायचं नाही. खटला वीस वर्षं चालतो, वर अपील आहे, त्याच्यावर आणखी अपील आहे, दरम्यान सिनेमे येतात, पैसे येतात. ज्याची कमाई त्याच्या चेहऱ्यावर आहे त्याने चेहरा लपवून जगायचं म्हणजे धंदाच बंद. आपल्या न्यायव्यवस्थेचा संथपणा आरोपीला इथेच बांधून ठेवतो, हे ऐकायला विचित्र वाटेल पण कोर्टात रोज दिसतं.

जो गेला त्याचं जाणं आधी कसं दिसत होतं तेही पाहा. कर्नाटकात आश्रम असलेला स्वामी नित्यानंद बलात्काराच्या खटल्यात २०१० पासून जामिनावर होता. पळून गेल्याची बातमी होण्याच्या आधी बराच काळ त्याच्या वतीने गैरहजेरी माफीचे अर्ज पडत होते. शेवटी नोटीस बजावायला गेलेल्या पोलिसांनी कर्नाटक उच्च न्यायालयाला कळवलं की स्वामी आध्यात्मिक दौऱ्यावर आहेत! फेब्रुवारी २०२० मध्ये जामीन रद्द झाला, तोवर पाखरू उडालेलं होतं.

म्हणून मी म्हणतो, रोजनामा वाचा. खटल्यात आरोप निश्चित होईपर्यंत हजर, साक्षी सुरू झाल्यावर ‘प्रकृती अस्वस्थ’, मग ‘चित्रीकरणात व्यग्र’, मग नुसताच वकील. मध्येच परदेशात जाण्यासाठी अर्ज: आधी आठ दिवसांचा, मग महिन्याचा, आणि ज्या कामासाठी जायचं त्याचा करारही जोडलेला नाही. जामीनदार बदलण्याचा अर्ज आला तर मी कान टवकारतो. इथली मालमत्ता नातेवाइकांच्या नावे जाऊ लागली तर आणखीच. आणि मुख्य साक्षीदाराने कोर्टात आरोपीला ओळखलं, उलटतपासणीत तो टिकला, की पुढचे काही महिने खरे धोक्याचे. आतापर्यंतची आशा तिथे संपते. सरकारी वकिलाने ताठ बसायचं ते तेव्हा. जामिनाच्या दिवशी कॅमेऱ्यासमोर केलेल्या भाषणाने काही साधत नाही.

तारखेला आरोपी आला नाही तर आधी बहुधा जामीनपात्र वॉरंट निघतं, मग अजामीनपात्र. तरी सापडला नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ८४ खाली जाहीरनामा, कलम ८५ खाली मालमत्तेवर जप्ती. जामिनावर सुटून हजर न राहणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २६९ खाली वेगळा गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद. ‘फरार घोषित’ झाल्यावरही आला नाही तर त्याच न्याय संहितेच्या कलम २०९ खाली सात वर्षांपर्यंत. १ जुलै २०२४ पासून एक मोठा बदल झाला आहे. दहा वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फरार घोषित झालेल्याचा खटला, अटींची पूर्तता करून, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५६ खाली त्याच्या गैरहजेरीतही चालवता येतो आणि निकाल देता येतो. पूर्वी आरोपी पळाला की फाईल कपाटात जायची, साक्षीदार म्हातारे व्हायचे. आता पळालेल्याच्या पदरी ते फळ पडेलच असं नाही.

जामीनदाराविषयी थोडं, कारण कोकणातली त्याची गंमत बाहेरच्यांना माहीत नसते. जामीनदार येतो सातबारा घेऊन. कारकून उतारा उलगडतो आणि नावं मोजायला लागतो: आजोबांपासूनची सामाईक जमीन, चुलते, चुलत भाऊ, मुंबईच्या आत्या, वारस लागलेले, वारस न लागलेले. पंचवीस-तीस नावांत जामीनदाराचं नाव खालून चौथं. हिस्सा किती, तर वाटण्याच झालेल्या नाहीत. त्याच्या शेजारी दोन हापूसची कलमं आणि एक पडकं घर. या कागदावर पन्नास हजार वसूल करायची वेळ आली तर तहसीलदारच कपाळाला हात लावतील. तरी अशा जामीनदारांची माणसं तारखेला येतात, कारण तारखेच्या आदल्या संध्याकाळी काका अंगणात येऊन उभे राहतात: “उद्या कोर्टात जातोयस ना रे? माझा कागद अडकलाय तिथे.” नामवंत आरोपीची रोख रक्कम एका मिनिटात भरली जाते, पण त्याच्या अंगणात असा कोणी येऊन उभा राहत नाही. कोर्टाने अशा आरोपीकडून मोठी रक्कम घेण्यापेक्षा ज्याचा अपमान त्याला सोसवणार नाही असा माणूस जामीनदार घ्यावा, असं माझं जुनं मत आहे.

‘पळून जाईल’ या भीतीची खरी किंमत मोजतो तो दुसराच कोणी. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात बोटीवर काम करणारा नेपाळी खलाशी, आंब्याच्या बागेतला राखणदार. मारामारीच्या गुन्ह्यात जामीन मंजूर होतो, पण स्थानिक जामीनदार आणायचा कुठून? शेठ हंगाम संपल्यावर ओळख दाखवत नाही. मग जामीन मंजूर होऊनही माणूस आतच. १९७८ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने मोतीराम नावाच्या गवंड्याच्या खटल्यात सांगून ठेवलं आहे की भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याचा जामीन नाकारणं चूक आहे. ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशात पुन्हा सांगितलं: स्थानिक जामीनदाराचा हट्ट धरू नका, महिनाभरात बंधपत्र देता आलं नाही तर कोर्टाने आपणहून अट सैल करण्याचा विचार करावा. तालुक्याच्या कोर्टात हा आदेश दाखवावा लागतो, तेव्हा कुठे तो वाचला जातो.

तुमच्या गावापुरतं उत्तर असं. त्या खटल्याचा क्रमांक मिळवा आणि ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर प्रत्येक तारखेला काय झालं ते बघा. त्याला कोणाची परवानगी लागत नाही. आरोपी तारखांना हजर असेल तर बंगल्यावर किती पाहुणे आले हे मोजण्यात अर्थ नाही. त्याने साक्षीदाराला निरोप धाडल्याचं कळलं, किंवा बंदरावर खरंच संशयास्पद तयारी दिसली, तर ११२ ला किंवा तटरक्षक दलाच्या १५५४ ला फोन करा आणि सागरी पोलीस ठाण्यात लेखी द्या, पोच घ्या. अटींचा भंग झाल्याचा असा कागद हातात असेल तर सरकारी वकील, किंवा फिर्यादी स्वतः, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८३ (३) खाली सत्र न्यायालयात वा उच्च न्यायालयात जामीन रद्द करण्याचा अर्ज करू शकतात. नुसत्या ‘गावात चर्चा आहे’ यावर तो अर्ज पहिल्याच तारखेला उडतो.